५३७ मतांचा आरोपी

फ्लोरिडात २००० साली जॉर्ज बुश ५३७ मतांनी जिंकले आणि तेवढ्यावर अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्याच राज्यात ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं पडली होती. ही वजाबाकी कुणालाही जमते. डेमोक्रॅटिक पक्षाची मंडळी पंचवीस वर्षं तीच मांडत आली आहेत: अल गोरना नेडरनी पाडलं.

पण फ्लोरिडाच्या मतपत्रिकेवर उमेदवार होते दहा. त्यांत तळाला राहिलेले सोशलिस्ट वर्कर्स पक्षाचे जेम्स हॅरिस यांनाही ५६२ मतं मिळाली. म्हणजे हिशेबाने तेही ‘पाडणारे’च. त्यांच्या नावाने कुणी बोटं मोडल्याचं ऐकिवात नाही. शिवाय त्याच राज्यातल्या पाम बीच काउंटीत उमेदवारांची नावं दोन्ही पानांवर आणि भोकं पाडायची जागा मधोमध, अशी मतपत्रिका होती. गोरना मत द्यायला गेलेल्या कितीकांचं भोक बुकॅनन या दुसऱ्याच उमेदवारापुढे पडलं. तिथे त्यांना ३,४०७ मतं पडली, आणि यातली बरीच आपली नसावीत, असं खुद्द बुकॅननच म्हणाले. गोर आपलं टेनेसी राज्यही हरले. फेरमोजणी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशी थांबवली. एवढं सगळं घडूनही खापर फुटलं ते नेडर यांच्याच डोक्यावर.

माणूस हट्टीच. १९६५ साली मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहिलं, तेव्हा जनरल मोटर्सने त्यांच्यामागे खासगी गुप्तहेर लावले होते. ते कंपनीला पुरून उरले आणि पुढच्याच वर्षी वाहनसुरक्षेचा कायदा झाला. दोन्ही मोठे पक्ष त्याच कंपन्यांच्या खिशात आहेत, हे त्यांचं म्हणणं आयुष्यभराच्या अनुभवातून आलेलं होतं. २००० साली अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या वादसभेत उभं राहायचं तर पाहण्यांत १५ टक्के पाठिंबा हवा, तो नव्हता. बॉस्टनच्या वादसभेला ते साधं प्रेक्षकाचं तिकीट घेऊन गेले, तर दारातूनच परत पाठवले गेले. मग अशा माणसाने कुणाच्या सोयीसाठी माघार घ्यावी?

इथवर मी नेडर यांच्या बाजूचा. पुढे नाही. देशभरात पाच टक्के मतं मिळाली, तर पुढच्या निवडणुकीत पक्षाला सरकारी निधी मिळणार होता. ही मतं न्यूयॉर्क, टेक्साससारख्या निकाल ठरल्यासारख्या राज्यांत बिनधोक मागता आली असती. अटीतटीच्या राज्यांतून तरी बाजूला व्हा, असं ऐन ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनीच विनवलं. त्यांनी ऐकलं नाही. हाती लागले पावणेतीन टक्के. उभं राहणं हा त्यांचा हक्क होता. कुठे जोर लावायचा हे ठरवणं ही जबाबदारी होती, आणि ती त्यांनी झटकली.

ज्याला जास्त मतं तोच जिंकतो, या पद्धतीत त्यांच्याआधीचे मोठमोठेही अडकले. १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी वेगळी चूल मांडली, स्वतःच्या जुन्या पक्षाला तिसऱ्या क्रमांकावर ढकललं आणि विल्सन ४२ टक्क्यांच्या आत मतं घेऊन अध्यक्ष झाले. १९९२ साली रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मतं मिळाली. अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातलं मत एकही नाही.

सर्वाधिक मतं त्याचीच जागा, हा नियम आपलाही आहे. २०१९च्या लोकसभेत मतं फोडणारी ‘बी टीम’ हा शिक्का वंचित बहुजन आघाडीवर बसला. पण औरंगाबादेत आघाडीचे इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी चक्क निवडून आले. शिवसेनेच्या चंद्रकांत खैरे यांना भोवली ती अपक्ष हर्षवर्धन जाधव यांची २ लाख ८३ हजार मतं. तिथे मतं खाणारा कोण म्हणायचा?

उमेदवाराला दटावण्याऐवजी मोजणीच बदलायचं मनावर घेतलं ते अमेरिकेतल्या मेन राज्याने. २०१० साली तिथे पॉल लपाज ३८ टक्क्यांच्या आसपास मतं मिळवून गव्हर्नर झाले. उरलेली मतं मुख्यतः एक अपक्ष आणि एक डेमोक्रॅट यांच्यात फुटली. २०१६ साली लोकांनी कौल देऊन पसंतीक्रमाचं मतदान आणलं: पहिली पसंती बाद झाली, की मत दुसऱ्या पसंतीकडे जातं. २०१८ साली अमेरिकी काँग्रेसच्या एका जागेवर पहिल्या मोजणीत मागे असलेले जॅरेड गोल्डन असेच जिंकले. मात्र राज्याच्या घटनेत गव्हर्नरसाठी ‘सर्वाधिक मतं’ असंच लिहिलेलं असल्याने, ज्या पदापायी हा सगळा खटाटोप झाला, त्याची अंतिम निवडणूक तिथे अजून जुन्याच पद्धतीने मोजली जाते.