वृद्धाश्रमांना हवी निकषांची चौकट

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची ठरावीक वेळाने कूस बदलली नाही, तर अंगावर शय्याव्रण होतात. हे काम केवळ दयाबुद्धीवर सोडता येत नाही. त्यासाठी पुरेसे आणि प्रशिक्षित सेवक लागतात. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम १९ ने वृद्धाश्रमांतील सेवांचा दर्जा ठरविण्याचा अधिकार राज्यांना दिला. सक्ती मात्र केली नाही. खासगी वृद्धाश्रमांनाही नोंदणी व किमान निकष लागू करू पाहणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित होईपर्यंत ते संमत झाले नाही. नोंदणीच सक्तीची नसेल, तर तपासणी कोणाची आणि कशाच्या आधारे होणार? सेवकांचे प्रमाण, वैद्यकीय देखरेख आणि तक्रारनिवारण यांचे नियम राज्यांनी सर्वच वृद्धाश्रमांना बंधनकारक करावेत. वृद्धांची शुश्रूषा हे उपकार नव्हेत. तो त्यांचा हक्क आहे.