एक संगणक, दोन प्रकल्प

समजा, शिरूर अनंतपाळच्या एका शाळेत एकच संगणक आहे. एका विद्यार्थिनीने तालुक्यातील पावसाच्या नोंदींवर पायथन भाषेत प्रकल्प केला. दुसऱ्याने आपल्या कामासाठी ‘नमपाय’ या गणिती लायब्ररीची नवी आवृत्ती बसवली आणि पावसाचा प्रकल्प चालेनासा झाला! तिने तर एक अक्षरही बदलले नव्हते. मग असे का व्हावे?

जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० मधून काही जुनी नावे वगळण्यात आली. नोंद नसलेला दिवस दाखवण्यासाठी ‘नॅन’ हे मूल्य वापरतात. त्याचे कॅपिटल अक्षरांतील नाव गेले, लहान अक्षरांतील राहिले. शिवाय सामाईक जागेत एका लायब्ररीची एकच आवृत्ती राहते. नवी आली की जुनी जाते.

उपाय सोपा आहे. २०१२ पासून पायथनबरोबरच ‘व्हेन्व्ह’ ही सोय मिळते. ती प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र फोल्डर देते. मूळ पायथन सामाईक, लायब्ऱ्या मात्र ज्याच्या त्याच्या. अर्थात ही सुरक्षेची भिंत नव्हे. फाइल पुसण्याची आज्ञा दिली तर फाइल पुसली जाईलच.

प्रयोगवहीत आपण साहित्य लिहितो, तशीच ‘पिप फ्रीझ’ या आज्ञेने मिळणारी आवृत्त्यांची यादी प्रकल्पासोबत जोडावी. दुसऱ्या संगणकावर फोल्डर न नेता यादीवरून नवे बनवावे. ज्याची पुन्हा पडताळणी करता येत नाही, तो निष्कर्ष विज्ञानात टिकत नाही.

वर्गात करून पाहा: एका फोल्डरात नमपाय १.२६, दुसऱ्यात २.० बसवा आणि एकच प्रोग्रॅम दोन्हीकडे चालवा.