पावसाचा अंदाज एकट्या पुण्यात बनत नाही! समुद्रातलं जहाज, आकाशातलं विमान आणि देशोदेशीची विद्यापीठं कशी राबतात, वाचा सविस्तर

मृगाचा एखादा दमदार पाऊस झाला की गावोगाव एकच चर्चा सुरू होते. चाड्यावर मूठ धरायची की अजून थांबायचं? घाई केली आणि पुढं पंधरा दिवस पावसानं दडी मारली, तर दुबार पेरणी नशिबी येते. बियाणं, खत, मजुरी सगळं पुन्हा. आणि जास्तच थांबलं तर ओल उडून जाते, हंगाम मागं पडतो.

अशा वेळी मोबाईलवर अंदाजांचा पाऊस पडतो. कुणी म्हणतं मुसळधार, कुणी म्हणतं उघडीप. त्यातला एखादा चुकला की ‘हवामान खात्याचं काही खरं नाही’ असं म्हणून लोक मोकळे होतात. पण हा अंदाज नेमका तयार कसा होतो, तो कुठं पक्का असतो आणि कुठं कच्चा, हे कळलं तर त्याचा शेतीला चांगला उपयोग होऊ शकतो.

आपल्या पावसाची नाळ दूरच्या समुद्राशी

आपल्या शिवारात पडणारा पाऊस आपल्या शिवारात तयार होत नाही. त्याची वाफ अरबी समुद्रातून आणि हिंदी महासागरातून येते. विदर्भ-मराठवाड्याला भिजवणारे कमी दाबाचे पट्टे बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरात जन्म घेतात. आणि हजारो किलोमीटर दूर प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं, म्हणजेच ‘एल निनो’ आला, की आपल्याकडे पाऊस कमी पडण्याची शक्यता वाढते.

हे नातं शोधण्याची सुरुवात भारतातूनच झाली. १९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झालेले इंग्रज शास्त्रज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरातल्या केंद्रांवरच्या हवेचा दाब, तापमान आणि पावसाच्या नोंदी गोळा केल्या. प्रशांत महासागराच्या एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला तो कमी होतो, आणि या हेलकाव्याचा आपल्या मान्सूनशी संबंध आहे, हे त्यांनी त्या आकड्यांवरून दाखवलं. ढग कुणाची हद्द मानत नाहीत. त्यामुळे एका देशाच्या किंवा एका संस्थेच्या आवाक्यातलं हे काम नाही, हे तेव्हापासूनच स्पष्ट आहे.

२००२ चा दणका

जुन्या पद्धतीत मागच्या अनेक वर्षांच्या आकड्यांचा ताळा लावून यंदाचा अंदाज बांधला जायचा. २००२ साली याच पद्धतीनं सामान्य पावसाचा अंदाज दिला गेला. प्रत्यक्षात देशात सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पाऊस झाला. जुलैमध्ये तर सरासरीच्या निम्माही पडला नाही. ऐन पिकाच्या वाढीच्या काळात शिवारं करपली.

नुसत्या जुन्या आकड्यांवर विसंबून चालणार नाही, हे या फटक्यानं दाखवून दिलं. समुद्र, जमीन, बर्फ आणि हवा यांचा एकत्रित हिशेब मांडणारं संगणकीय मॉडेल हवं होतं.

मान्सून मिशन म्हणजे काय?

२०१२ मध्ये केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं ‘मान्सून मिशन’ सुरू केलं. त्याचा समन्वय पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेकडे, म्हणजे आयआयटीएमकडे आला. सगळं शून्यापासून बनवत बसण्यापेक्षा अमेरिकेतलं ‘सीएफएस’ नावाचं तयार मॉडेल घेतलं आणि ते मान्सूनसाठी सुधारायचं ठरवलं. त्यासाठी देशातल्या आणि परदेशातल्या विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांना सोबत घेतलं.

मॉडेल म्हणजे काय, तर आधी पृथ्वीची छोट्या छोट्या चौकोनांत विभागणी. प्रत्येक चौकोनात आत्ता ऊन किती, वारा कुठला, वाफ किती हे भरायचं आणि पुढच्या वेळी काय होईल याचं गणित महासंगणकाकडून करून घ्यायचं.

अमेरिकेतून आलेल्या या मॉडेलमध्ये एक मोठी खोट होती. भारताच्या भूभागावर ते प्रत्यक्षापेक्षा कमी पाऊस दाखवायचं. मग कुणी ढगांच्या गणितावर काम केलं, कुणी समुद्राच्या, कुणी बर्फाच्या. विहिरीच्या कामात जसं कुणी खोदतं, कुणी गाळ ओढतं, कुणी बांधतं, तसाच हा प्रकार. २०१७ पासून हवामान खात्यानं हंगामाच्या अंदाजासाठी हे सुधारित मॉडेल वापरायला घेतलं. २०२१ पासून अनेक मॉडेल्सचे निकाल एकत्र करून अंदाज दिला जातो.

जहाज समुद्रात, विमान ढगांत

गणित कितीही चांगलं असलं तरी त्यात भरायची माहिती खरी हवी. ती घरबसल्या मिळत नाही.

२०१६ च्या जून-जुलैमध्ये, ऐन पावसाळ्यात, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं ‘सिंधु साधना’ हे जहाज बंगालच्या उपसागराच्या दक्षिण भागात गेलं. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि ब्रिटनचं ईस्ट अँग्लिया विद्यापीठ यांची ही संयुक्त मोहीम होती. पाण्यात बुडी मारून पुन्हा वर येणारी यंत्रं सोडून पाणी किती खोलीपर्यंत किती गरम आणि किती खारं आहे, हे मोजलं. समुद्राच्या वरच्या थरातली हीच उष्णता पावसाच्या प्रणालींना बळ देते.

त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात ब्रिटनचं एक संशोधन विमान लखनौ आणि बेंगळुरूहून उड्डाणं करत होतं. रेडिंग आणि लीड्स या ब्रिटिश विद्यापीठांसोबत भारतीय संस्थांचे शास्त्रज्ञ त्यात होते. ओल्या जमिनीवरची हवा आणि कोरड्या जमिनीवरची हवा वेगळी वागते, त्याचा पावसावर काय परिणाम होतो, हे त्यांना तपासायचं होतं.

आपल्या राज्यातही असं काम चालतं. महाबळेश्वरला आयआयटीएमची ढगांची प्रयोगशाळा आहे. तिथं पावसाळ्यात ढगच खाली उतरतात, त्यामुळे त्यातले थेंब जमिनीवरूनच मोजता येतात.

अतिवृष्टी का वाढली?

एकत्र कामातून हाती आलेली एक मोठी गोष्ट म्हणजे २०१७ मधला एक अभ्यास. आयआयटीएम, मुंबईची आयआयटी, अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ आणि फ्रान्समधले शास्त्रज्ञ त्यात होते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं त्यांना आढळलं. विशेष म्हणजे याच काळात एकूण पाऊस मात्र कमी होत गेला. कारण अरबी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांचे चढउतार वाढले आणि ते एकदम भरपूर वाफ घेऊन येऊ लागले. ‘पडला तर ढगफुटीसारखा, नाही तर महिनाभर नाहीच’ हा शेतकऱ्यांचा अनुभव आकड्यांतही दिसतो तो असा.

मग अंदाज अजूनही का चुकतो?

२०२३ चं उदाहरण घ्या. हवामान खात्यानं एप्रिलमध्ये ९६ टक्के पावसाचा अंदाज दिला होता. हंगामाअखेर ९४ टक्के पाऊस झाला. म्हणजे कागदावर अंदाज जवळपास बरोबर. पण त्यातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ठरला. त्या महिन्यात देशात ३६ टक्के तूट होती. त्यानंतर महाराष्ट्रात सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला.

याचा अर्थ साधा आहे. ‘यंदा ९६ टक्के’ हा आकडा अख्ख्या देशाच्या चार महिन्यांच्या सरासरीचा असतो. तो आपल्या गावाचा नसतो आणि खंड कधी पडेल हेही सांगत नाही.

दुसरी अडचण चौकोनाच्या आकाराची. हंगामी मॉडेलचा एक चौकोन साधारण ३८ किलोमीटरचा आहे. एका चौकोनात अनेक गावं बसतात, आणि ढग मात्र एका शिवारावर बरसून शेजारचं शिवार कोरडं ठेवतो. रोजच्या अंदाजासाठी हा चौकोन आता लहान होत चालला आहे. मे २०२५ मध्ये आयआयटीएमनं तयार केलेलं ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झालं. त्याचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे.

कुठला अंदाज कशासाठी वापरायचा?

- हंगामी अंदाज (एप्रिल-मे अखेर): एकूण वर्ष कसं जाईल याची दिशा कळते. पाणी जपायचं का, कमी कालावधीचं वाण घ्यायचं का, एवढं ठरवायला पुरेसा. पेरणीची तारीख यावरून ठरवू नका.
- दोन ते चार आठवड्यांचा अंदाज: हवामान खातं दर गुरुवारी देतं. खंड पडण्याची चिन्हं यातच आधी दिसतात, म्हणून पेरणीच्या तोंडावर हा जरूर बघा.
- पाच दिवसांचा अंदाज आणि कृषी सल्ला: दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत मिळतो. फवारणी, खत, काढणीसाठी हा कामाचा.
- वीज पडण्याचा इशारा: आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं. इशारा आला की झाडाखाली थांबू नका.

आणि अंदाज काहीही असो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा सल्ला कायम आहे. मॉडेल आभाळाचं गणित मांडतं. आपल्या रानातली ओल मात्र आपणच कुदळीनं उकरून बघायची असते.