पापुद्रा आणि कड

नखाच्या मुळाशी कातडीची एक वळलेली कड असते. तिच्या पोटातून एक जवळजवळ पारदर्शक पापुद्रा निघतो आणि नखाला चिकटून त्याच्याबरोबर पुढे सरकतो. कड जिवंत, तिला टोचलं तर रक्त येतं. पापुद्रा मेलेला. दोन्ही मिळून जागा जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. मॅनिक्युअर करताना नखावर पसरलेला पापुद्रा काढायचा आणि कड राखायची, एवढंच खरं तर क्युटिकलचं काम. ते किती जणींना जमत नाही आणि का जमत नाही, हे मला डोंबिवलीतल्या एका ताईंच्या शेजारी बसून कळलं.

ताईंचं पार्लर नाही. त्या घरोघर जातात. गिऱ्हाइकं सोसायट्यांमधली: नोकरी करणाऱ्या मुली, निवृत्त शिक्षिका, एखादी लग्न ठरलेली. खांद्यावरच्या पिशवीत स्टीलचा डबा, धुतलेले नॅपकिन आणि दोन-चार बाटल्या. पाणी आणि टब तेवढा घरचा. पण घरात शिरल्यावर त्या आधी पाणी मागत नाहीत, खुर्ची खिडकीशी ओढतात. वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटच्या उजेडात पापुद्रा नखाच्या चकाकीत हरवून जातो, बाजूने येणाऱ्या उजेडात त्याची किनार दिसते. मग एकेक बोट हातात घेऊन कडेवर अंगठा हलकेच दाबत जातात. लाल आहे का, फुगली आहे का, दुखतं का.

त्या दुपारी समोर साठीच्या काकू होत्या. नऊ बोटं तपासून झाली आणि उजव्या अंगठ्याशी ताई थांबल्या. कड सुजून गोल झालेली आणि पापुद्रा मुळी नव्हताच. कड आणि नख यांच्यामध्ये बारीकशी फट दिसत होती.

“या अंगठ्याला मी हात लावणार नाही, काकू. स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.”

“अगं, दुखत नाही फारसं. वर्षभर असंच आहे.”

“म्हणून तर.”

पापुद्र्याचं काम नेमकं काय, ते या अंगठ्याने दाखवलं. खिडकीच्या काचेभोवती लांबी भरतात, तसा तो कड आणि नख यांच्यामधली फट बुजवतो. तो मुळापासून गेला की साबणाचं पाणी, पिठाचा कण, जंतू, सगळ्यांना आत वाट मिळते. एका रात्रीत ठणकायला लागणारं, पू धरणारं नखुरडं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ते बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस जातीच्या जंतूंमुळे होतं, आणि त्याच्या आधी कुठेतरी कातडी कुरतडलेली किंवा कापलेली असते. काकूंचं दुखणं दुसऱ्या जातीचं होतं, महिनोन्‌महिने रेंगाळणारं. भांडी घासणाऱ्या, धुणी धुणाऱ्या, मासळी साफ करणाऱ्या, हॉटेलच्या मोरीत उभं राहणाऱ्या माणसांना ते होतं. पूर्वी सगळा दोष बुरशीला देत. आता त्वचारोगतज्ज्ञ त्याला मुख्यतः साबण-पाण्याने होणारा दाह मानतात. बुरशी उघड्या वाटेने मागाहून शिरते. त्यामुळे नुसतं बुरशीचं मलम चोळून ते हटत नाही. हात कोरडे राहायला हवेत, आणि काकूंच्या घरात तेच सगळ्यांत अवघड. भांड्यांना बाई नव्हती.

बाकीची नऊ बोटं कोमट पाण्यात गेली. पाण्यात शाम्पूचे दोन थेंब. पार्लरमध्ये मीठ, लिंबू, गुलाबाच्या पाकळ्या असा थाट असतो; ताईंच्या मते पाकळ्या गिऱ्हाइकासाठी, हातांसाठी नाहीत. पाचेक मिनिटांत त्यांनी हात बाहेर काढायला लावले. नख पाणी पितं आणि किंचित पसरतं. तशा ओल्या नखावर नेलपॉलिश लावलं तर नख वाळून पूर्ववत होताना पॉलिश टोकाकडून सुटायला लागतं. दुसऱ्याच दिवशी पॉलिश उडालं म्हणून कितीतरी जणी बाटलीला नावं ठेवतात.

मग क्युटिकल रिमूव्हर. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली तर बहुतेकांत पोटॅशियम किंवा सोडियम हायड्रॉक्साइड सापडतं. सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक सोडा, ज्याच्यापासून साबण करतात. पापुद्रा, नख, केस, सगळं केराटिनचं. अल्कली या केराटिनमधले गंधकाचे बंध तोडते आणि घट्ट चिकटलेला पापुद्रा फुगून बुळबुळीत होतो. युरोपीय संघात या द्रावणात अशा अल्कलीचं प्रमाण 5 टक्क्यांपर्यंतच ठेवायची परवानगी आहे. यावरून हे गुलाबजल नव्हे, एवढं ध्यानात यावं. ताई बारीक ब्रशने नखावर एक रेघ ओढतात, कडेवर फासत नाहीत, आणि घड्याळाकडे बघतात. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक क्षण जास्त नाही. मिनिट-दीड मिनिटात नखाच्या मुळाशी पांढुरकं काहीतरी दिसायला लागतं. अल्कलीला मेलेलं आणि जिवंत यांतला फरक कळत नाही, त्यामुळे तो आपल्याला कळावा लागतो.

काम पुशरने करता येतं. तो स्टीलचा, एका टोकाला चमच्याचा आकार, दुसऱ्या टोकाला पातं. ताई आधी ऑरेंज स्टिक घेतात, म्हणजे नारिंगीच्या लाकडाची काडी, आणि तिच्या टोकाला कापूस गुंडाळतात. काडी नखावर जवळजवळ आडवी. छोटी छोटी वर्तुळं काढत मुळाकडे जायचं, कडेला टेकलं की परत फिरायचं. पापुद्रा मळासारखा गोळा होऊन कापसावर येतो. स्टील त्या क्वचित वापरतात, अंगठ्यासारख्या जाड नखावर. तेव्हा एक बारीक खरखर ऐकू येते. ती थांबली की तिथलं काम झालं, खाली स्वच्छ नख लागलं. हे त्यांनी मला माझा हात धरून ऐकवलं. मला आधी ऐकूच येईना, कारण मिक्सर चालू होता.

जोर का लावायचा नाही, याचं उत्तर कडेच्या खाली दडलेलं आहे. नख जिथे तयार होतं ती जागा, मॅट्रिक्स, बरीचशी या कडेखालीच असते. अंगठ्यावर दिसणारी पांढुरकी चंद्रकोर हा तिचा बाहेर डोकावणारा भाग. पुशर दाबून मागे रेटला की धक्का तिला बसतो. तो लगेच दिसत नाही. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, मुळापासून टोकापर्यंत यायला सहाएक महिने लागतात. त्यामुळे लग्नाच्या आदल्या दिवशी केलेली घाई काही आठवड्यांनी ठिपक्यांच्या आणि आडव्या खाचांच्या रूपाने वर येते. नखांवरचे पांढरे ठिपके दिसले की आपल्याकडे लगेच कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात. बहुतेक वेळा ते ठिपके अशा बारीकसारीक माराचे असतात, कॅल्शियमशी त्यांचा संबंध नसतो.

ताईंच्या गिऱ्हाइकांत कॉम्प्युटरवर काम करणारी एक मुलगी आहे. तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर मधोमध आडव्या वळ्यांची रांग आहे. विचार करताना ती तर्जनीच्या नखाने अंगठ्याची कड मागे रेटत बसते, तिला पत्ताही नसतो. डॉक्टरांना हा प्रकार चांगला माहीत आहे. सवय सुटली की नख हळूहळू सपाट उगवतं. ताईंनी तिला अंगठ्यावर चिकटपट्टी लावून मीटिंगला बसायला सांगितलं. हा इलाज डॉक्टरही सुचवतात.

निपर डब्यात सगळ्यांत खाली असतो. चिमट्यासारखं हे हत्यार बघून गिऱ्हाइकाचे डोळे चमकतात, आणि ताईंची खरी पंचाईत इथे होते. त्या निपर वापरतात तो फक्त नखाच्या बाजूला उभ्या राहिलेल्या सालपटासाठी. जबडा सालपटाच्या बुडाशी न्यायचा, मिटायचा, पूर्ण मिटल्याची खात्री करायची, मगच हात उचलायचा. ओढायचं अजिबात नाही. सालपट बाहेर मेलेलं असलं तरी बुडाशी जिवंत असतं, ओढलं की पट्टी आत फाटत जाते. बोथट निपर कापण्याऐवजी ओढतो, म्हणून त्याला वेळोवेळी धार लावून घ्यावी लागते. आपण दातांनी सालपट तोडतो तेव्हा हेच ओढणं होतं, वर तोंडातले जंतू फुकट.

पण लोकांना कड कापलेली हवी असते. कापली की नख लांब दिसतं, मुळाशी स्वच्छ रेघ येते, आणि नॅपकिनवर कातडीचे तुकडे पडलेले दिसतात. पैसे कशाचे दिले, ते डोळ्यांना दिसतं. ताईंच्या नॅपकिनवर कापसाचा बोळा आणि थोडा पांढरा मळ. “एवढंच?” हा प्रश्न त्यांना नेहमीचा आहे. माझ्या मते पार्लरमध्ये निपर सर्रास चालतो त्याचं मोठं कारण अज्ञान नाही, हा प्रश्न आहे. कापलेली कड भरून येताना जाडसर आणि फाटकी येते, मग ती अधिकच खुपते, मग पुन्हा कापायची. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना कितीदा सांगते की क्युटिकल कापू नका. हेच फार पूर्वी एका विक्रेत्यानेही सांगितलं होतं: नॉर्दम वॉरन याने 1911 मध्ये ‘क्युटेक्स’ नावाने द्रवरूप क्युटिकल रिमूव्हर काढला, तो कापण्याला पर्याय म्हणूनच. अर्थात त्याला बाटल्या खपवायच्या होत्या. शंभराहून जास्त वर्षं झाली. आता मुंबई-पुण्यात ‘रशियन मॅनिक्युअर’चं वेड आहे. त्यात पाणी नाही, फिरत्या मशीनच्या बारीक टोकाने कडेखालचं सगळं खरवडून काढतात आणि पॉलिश अगदी कडेच्या आत नेतात. शिकलेल्या हातांनी केलेलं ते दिसतं देखणं, फोटोत तर फारच. चार दिवसांच्या क्लासनंतर घरी मशीन मागवून स्वतःवर करणाऱ्या मुली बघितल्या की मला काकूंचा अंगठा आठवतो.

घरी स्वतःच करायचं तर आणखी एक अडचण असते, ती पुस्तकांत लिहिलेली नसते. उजव्या हाताने काम करणाऱ्या बाईचा डावा हात सुरेख होतो आणि उजवा बिघडतो. ताईंचा उपाय असा की उजव्या हाताचं काम आधी करायचं, धीर शाबूत असतो तेव्हाच, आणि डाव्या हातात स्टील धरायचंच नाही. कापूस गुंडाळलेली काडी टेबलावर टेकवायची आणि काडीपेक्षा बोट हलवायचं. करून बघितलं. वेळ दुप्पट लागला, पण काडी एकदाही घसरली नाही.

रिमूव्हर धुऊन टाकणं ही पायरी लोक उरकतात, ताई नाही. नखाला आणि कडेला अल्कली उरली तर ती काम करतच राहते. साबणाने धुऊन, टिपून, मग तेल. खोबरेल चालतं, तिळाचं चालतं, बदामाचं महाग पडतं. एका नखाला एक थेंब, कडेवर चोळून जिरवायचा. रोज झोपताना एवढं केलं तर सालपटं उभी राहायचं प्रमाण खूप कमी होतं. महिन्यातून एकदा पार्लरला जाण्यापेक्षा याचा उपयोग जास्त, असं ताई गिऱ्हाइकाला बिनदिक्कत सांगतात. स्वतःच्या धंद्यावर धोंडा, पण गिऱ्हाईक टिकून आहे.

काकूंकडून निघताना ताईंनी हत्यारं वेगळ्या पिशवीत टाकली. स्पिरिटने पुसून पुढच्या घरी वापरणं त्यांना पसंत नाही. रक्ताचा अदृश्य अंशही हेपॅटायटिस बी पसरवायला पुरतो. त्यांच्याकडे हत्यारांचे तीन संच आहेत आणि घरी एक जुना कुकर, फक्त याच कामाचा. दवाखान्यातला ऑटोक्लेव्ह 121 अंशांवर जंतू मारतो, आणि घरगुती कुकर पूर्ण दाबाला साधारण त्याच्या जवळपास पोचतो. शिट्टीनंतर वीस मिनिटं मंद गॅस, मग बाहेर काढून लगेच कोरडं करायचं, नाहीतर गंज. लाकडी काड्या मात्र गिऱ्हाइकाकडेच टाकून येतात.

पुढचं घर लग्नाचं होतं. नवरी मुलगी हात पुढे करून म्हणाली, “ताई, पार्लरवाली सगळं कापून देते. तुम्ही पण द्या ना, फोटोत नीट दिसतं.”

“हळद कधी आहे?”

“शुक्रवारी. मेहंदी गुरुवारी.”

ताईंनी तिला हिशेब समजावला. मेहंदीचा रंग केराटिनला धरतो. पापुद्रा नखावर राहिला तर तोही रंगतो आणि दोन दिवसांनी ठिकठिकाणी सुटून नखाच्या मुळाशी डाग दिसतो. अंगठी घालतानाच्या फोटोत नेमका तोच येतो. म्हणजे पापुद्रा मेहंदीच्या आधीच निघायला हवा. पण आदल्या दिवशी कड कापली तर मेहंदी झोंबणार, आणि उघड्या कातडीत हळद, तेल, शंभर जणींच्या बोटांचा स्पर्श. शिवाय पॉलिश आधी लावायचं नाही, हळदीने पिवळं पडतं. ते लग्नाच्या सकाळी.

“मग मंगळवारी येते मी,” ताई म्हणाल्या. “कापायचं नाही, काढायचं. तोवर रात्री तेल लाव.”

मुलीची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “चौघींचं करायचं असेल तर काय घेशील गं? मी, हिची मावशी आणि दोन्ही काकू.”

“मावशींना शुगर आहे ना? त्यांचं फक्त तेल आणि पॉलिश. त्याचे निम्मे.”