अंगणातल्या पांढऱ्या पाहुण्या

गेल्या वर्षीच्या कार्तिकातली गोष्ट. माझा भाचा महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. एका संध्याकाळी तो टेम्पोतून दोन जाळीदार पेट्या उतरवून रामबागेतल्या आमच्या वाड्याच्या दारात उभा राहिला. पेट्यांत अकरा कोंबड्या होत्या. माझ्या आईचे वय ८४. तिने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "अरे, या घरात आजवर अंडे शिरले नाही, आणि तू कोंबड्या घेऊन आलास?"

"चारच दिवस, आजी," तो म्हणाला. हे चार दिवस अद्याप संपलेले नाहीत.

एका पोल्ट्रीतली शेड रिकामी होत होती. अंड्यांसाठी पाळलेली लेगहॉर्न कोंबडी साधारण पाचव्या महिन्यात अंडी देऊ लागते आणि ७२ आठवड्यांच्या सुमारास, अंडी कमी झाली की, व्यापाऱ्याला मांसासाठी विकली जाते. तशी कोंबडी सहा-आठ वर्षे सहज जगते. म्हणजे आमच्याकडे आलेल्या या बाया म्हाताऱ्या नव्हत्या. ऐन उमेदीत त्यांना निवृत्त केले होते. आपल्याकडच्या पिंजऱ्यात एकीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते. फुलस्केप कागदाचा पाऊण भागही नाही. २०१७ साली विधी आयोगाने आपल्या २६९ व्या अहवालात या प्रश्नाचा विचार केला. युरोपीय संघाने असले उघडेबोडके पिंजरे २०१२ पासून बंद केले आहेत. इंग्लंडात तर २००५ पासून एक संस्था निवृत्त कोंबड्या पोल्ट्रीतून घेऊन घरोघर देते. हे सारे मला नंतर कळले. त्या रात्री एवढेच कळले, की त्यांना चालता येत नव्हते.

नखे वाढून वळलेली, मानेवर पिसे नाहीत, तुरा फिकट आणि एका डोळ्यावर लोंबणारा. चोचीची टोके छाटलेली, त्यामुळे फरशीवर टाकलेली ज्वारी टिपता येईना. दाणा चोचीखालून निसटे. सौ.ने जुन्या परातीत भरडा भिजवून दिला तेव्हा कुठे खाणे पोटात गेले. पहाटे थंडी पडली आणि एक दगावली. उरल्या दहा.

तिसऱ्या दिवशी एक कोंबडी अंगणात कुशीवर पडली, एक पंख पसरला आणि डोळे मिटले. मी घाबरून भाच्याला फोन केला. तो हसू लागला. "मामा, ऊन खातेय ती!" जन्मात प्रथमच तिला ऊन मिळाले होते. कसे पडायचे, हे तिला कोणी शिकवले असेल? आठवडाभरात सगळ्या धुळीत लोळू लागल्या, पायांनी माती उकरू लागल्या. मात्र दांड्यावर बसणे लवकर जमले नाही. दहा-बारा दिवस आम्ही संध्याकाळी एकेकीला उचलून वर ठेवत होतो.

माती उकरण्याचा पहिला मान तुळशीला मिळाला. वृंदावनाची माती उपसून मुळे उघडी पडली, तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेजारच्या काकांचे म्हणणे अधिक गंभीर होते. २०२१ च्या जानेवारीत इंदुरात मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता, त्याची त्यांनी आठवण दिली. ते चूक नव्हते. खुराड्यावर बारीक जाळी बसवली, दाणापाणी छपराखाली आणले, साफसफाईनंतर हात साबणाने धुण्याचा नियम केला. जाळीचा फायदा मुंगसापासूनही झाला.

ओळखीची मंडळी पाहायला येत आणि विचारीत, "कडकनाथ आहे का?" झाबुव्याच्या त्या काळ्या कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिचा भाव वाढला आहे. पांढऱ्या निवृत्त कोंबडीला कोण विचारतो? तरी एका गृहस्थांनी हौसेने तीन नेल्या. पौषात भेटले तेव्हा मी चौकशी केली. ते अगदी सहज म्हणाले, "अहो, पाहुणे आले होते."

मला राग आला, पण कोणावर काढायचा? मी त्यांना विचारलेच नव्हते. आपल्या भाषेत पक्ष्यालाही कोंबडी म्हणतात आणि ताटातल्या रश्श्यालाही. पुढच्या तिघी दिल्या तेव्हा मी तोंड उघडून विचारले, की अंडी थांबल्यावर काय कराल? त्यांची रात्रीची जागा स्वतः जाऊन पाहिली. एकटी कोंबडी कोणालाही दिली नाही, कारण ती कळपाचा जीव. खंडवा रस्त्यावरच्या त्या शिक्षक दांपत्याकडे तिघी सुखात आहेत.

आमच्या चौघी अंडी देतच राहिल्या. ती कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलांकडे जातात; टरफले भाजून, चुरून पुन्हा कोंबड्यांनाच घालतो, कारण कवचाचा चुना त्यांच्या हाडांतून जातो. ज्येष्ठात एकीचे पोट फुगले. शेपूट खाली टाकून ती कोपऱ्यात उभी राही. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. हिच्या जातीकडून माणसाने तीनशेच्या वर काढली. भाच्याने पोट चाचपले आणि सांगितले, की बलक नळीत न जाता पोटात सांडतो आहे. पिंजऱ्यातून काढता आले, पण पिंजऱ्यासाठी घडवलेल्या या शरीरातून तिला कसे काढणार? पाचव्या दिवशी ती गेली. आईने त्या दिवशी सोवळे बाजूला ठेवून तिला पाणी पाजले होते.

राहिलेल्या तिघींची जुनी पिसे भाद्रपदात झडली आणि नवी आली. तुरे आता लालभडक आहेत. दिवेलागणीला त्या आपल्या आपण दांड्यावर चढतात.

परवा भाच्याचा फोन आला. आणखी एक शेड रिकामी होते आहे, किती ठेवाल? मी आईकडे पाहिले.

"पाच म्हण," ती म्हणाली, "आणि आधी माझ्या तुळशीला कठडा करून दे."