मोहन्यातली दिव्यांची आवस

सकाळी ७. आषाढातली अमावास्या. चाळीच्या ओट्यांवर समया, निरांजनं, लामणदिवे चिंच लावून घासायला काढलेत. पितळ लख्ख होतं, पण ज्या दिव्याखाली रोज स्वयंपाक होतो त्याच्याकडे मान वर करून कुणी बघत नाही, याचं मला दर आवसेला वाईट वाटतं. म्हणून आज कामाला जाईन त्या प्रत्येक घरात छताकडे बघायचं, असं ठरवूनच निघतो. पिशवीत टेस्टर, पक्कड, कोरडं सुती फडकं आणि रंगाचा जुना ब्रश.

८.३०. उल्हास नदीकडची चाळ. "दादा, महिन्यात तिसरा बल्ब गेला. हल्ली मालच तसला येतो." बल्ब काढून उलटा धरला. बुडाशी दोन ठिपके असतात. एक चकचकीत, दुसरा काळा पडून खड्डा झालेला. होल्डरमधली एक पितळी खुंटी आत दबून बसली होती, तिची स्प्रिंग गंजलेली. टेकणं सैल झालं की तिथे ठिणग्या उडतात, बूड तापतं आणि एलईडीचं सर्किट नेमकं त्याच बुडात असतं. दोष बल्बाचा नव्हताच. बल्बाहून स्वस्त असलेला होल्डर बदलला. या घरांतले बोर्ड मी उंचावरच बसवतो. २००५ च्या जुलैतला पूर विसरता येत नाही.

११. एनआरसीत उमेदीची वर्षं घालवलेल्या एका काकांचं घर. रेयॉनचा तो कारखाना २००९ साली बंद पडला. काकांची चोकवाली ट्यूब अजून चालू आहे. चाळीस वॅटची ट्यूब, वर चोक खातो ते वेगळं. वीस वॅटच्या एलईडी पट्टीत तेवढाच उजेड मिळेल, हे त्यांना माहीत आहे. तरी म्हणतात, "हिचं जे बिघडेल तेवढंच बदलता येतं रे." मला ते पटतं. आज फक्त स्टार्टर बदलला, ट्यूबच्या पट्टीवरची धूळ ब्रशने काढली. कोपऱ्यातली गेलेली ट्यूब फोडू नका म्हणून बजावलं, कारण आत पारा असतो. ती ई-कचऱ्यातच द्यायची.

१.३०. डबा.

३. नव्या इमारतीतला फ्लॅट. हॉलमधल्या दिव्याच्या घुमटाच्या तळाला पहिल्या पावसातल्या पंखवाल्या वाळवीचा थर. मेन बंद केला, घुमट उतरवून साबणाने धुतला, उलटा ठेवून पुरता वाळवला. एलईडीच्या पत्र्याला मात्र ओलं फडकं कधीच लावू नये. वहिनी म्हणाल्या, "उजेड कमी पडतो म्हणून मी जास्त वॅटचा दिवा आणणार होते."

५. आजचं सगळ्यात महत्त्वाचं काम. एका आईची तक्रार: "स्विच बंद केला तरी बल्ब रात्रभर मिणमिणतो, मुलगी घाबरते." असं मिणमिणणं स्विचमधल्या छोट्या इंडिकेटरमुळेही होतं, पण इथे स्विच साधा होता. बल्ब काढला, स्विच बंद ठेवून होल्डरच्या खुंटीला टेस्टर लावला. पेटला. कधीतरी कुणीतरी तारा उलट जोडल्या होत्या: स्विच न्यूट्रलवर आणि फेज थेट होल्डरमध्ये. स्विच बंद आहे या भरवशावर बल्ब बदलायला हात घालणाऱ्याच्या बोटाखाली जिवंत वीज. त्या माउलीने याच होल्डरमध्ये आजवर किती बल्ब बदलले असतील, या विचाराने माझा हात क्षणभर थांबला. मेन पाडून बोर्डातल्या तारांची अदलाबदल केली आणि घरातला प्रत्येक पॉइंट तपासला. आणखी दोन उलटे निघाले. तासभर जास्त गेला, त्याचे पैसे घेतले नाहीत. बल्ब बदलताना स्विचवर विसंबायचं नाही, मेन पाडायचा, हे मुलीलाही जवळ बोलावून दाखवलं.

७. दिवेलागण. पाटावर दिवे मांडून पूजा झालेली. सकाळच्या चाळीतल्या एका आजींनी हाक मारून हातावर कणकेचे दोन गोड दिवे ठेवले, वर तुपाची धार. खात जिना उतरताना वरचा दिवा लुकलुकला. हात लावला नाही, होल्डर हलताना दिसलाच. उद्या सकाळी आधी तिथे.