पाऊण नव्हे, अर्ध्या मिलिमीटरहून पातळ

सोडियम म्हटले की शहापूर-मुरबाडकडे शाळा शिकलेल्याला रॉकेलच्या बाटलीतला तुकडाच आठवणार, पाण्यात पडला की पेटणारा. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीत इंधन थंड ठेवायला असे सुमारे १,७५० टन सोडियम, तेही वितळलेले. तिचे इंधन बनते तारापूरला, म्हणजे २०१४पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात. साहजिकच धास्ती आगीची वाटते. माझ्या मते ती चुकीच्या जागी आहे. जपानच्या मोंजू भट्टीत ८ डिसेंबर १९९५ रोजी दुय्यम नळमार्गातून सोडियम गळले, पेटलेही. इंधनाला मात्र धक्का लागला नाही. उलट अमेरिकेतल्या फर्मी-१मध्ये ५ ऑक्टोबर १९६६ रोजी आग लागलीच नव्हती. झिर्कोनियमचा एक सुटलेला पत्रा सोडियमच्या प्रवाहाच्या वाटेत अडकला आणि दोन इंधनजुड्या अंशतः वितळल्या.

म्हणून बघायची ती इंधनाची नळी. पोलादी, ६.६ मिलिमीटर व्यासाची, भिंत जेमतेम ०.४५ मिलिमीटर. आत युरेनियम-प्लुटोनियम ऑक्साइडच्या गोळ्या, मधोमध भोक पाडलेल्या, कारण सर्वाधिक तापतो तो गोळीचा मध्यच. अशा २१७ नळ्यांची एक षट्कोनी जुडी. नळीला चीर गेली तर सोडियम आत शिरते, ऑक्साइडशी त्याचे संयुग होते, ते जास्त जागा मागते आणि चीर रुंदावते. सुदैवाने हे सावकाश चालते. तोवर निसटलेले वायू सोडियमवरच्या आरगॉनमध्ये पोचतात, सोडियममध्ये उशिरा सुटणारे न्यूट्रॉन सापडतात आणि भट्टी थांबवता येते. फर्मीचा धडाही गिरवला आहे: जुडीच्या पायथ्याशी प्रवाहाला एकच तोंड न ठेवता बाजूंनी अनेक भोके आहेत.

खरा आक्षेप वेगळाच आहे. एवढ्या मोठ्या गाभ्यात सोडियम उकळले तर शक्ती घटण्याऐवजी वाढू शकते. सोडियम ८८३ अंशांना उकळते आणि गाभ्यातून ५४७ अंशांना बाहेर पडते. हे अंतर दिलासा देणारे आहे, पण प्रवाह चालू असेपर्यंतच. कल्पाक्कमच्याच छोट्या भट्टीचा १९८५पासूनचा अनुभव नळ्या टिकतात याचा दाखला म्हणून पुढे केला जातो. तिचे ट्रॉम्ब्यात घडवलेले कार्बाइड इंधन दर टनामागे १,६५,००० मेगावॉट-दिवसांपर्यंत जळले, हे खरेच कौतुकाचे. पण कार्बाइडचे सोडियमशी जमते, ऑक्साइडचे तितकेसे नाही. त्यामुळे तो दाखला इथे अर्धाच लागू पडतो. ऑक्साइडची चाचणी त्या भट्टीत झाली ती ३७ नळ्यांच्या जुडीवर. मोठ्या भट्टीत १८१ जुड्या, म्हणजे एकोणचाळीस हजारांवर नळ्या. त्यांतल्या किती चिरल्या आणि ते किती लवकर कळले, हे आकडे वेळोवेळी जाहीर झाले पाहिजेत.